विंदालूतलं व्हिनेगर

विंदालू म्हटलं की बहुतेकांना आठवतो तो तिखटजाळ, लालभडक रस्सा. पण गोव्यातल्या ख्रिस्ती घरात दोन दिवस मुरलेला विंदालू खाऊन पाहावा. जिभेला आधी आंबट लागतं, मग लसूण कळते, मग किंचित गोडवा येतो. तिखट या सगळ्यांच्या मागून येतं, आणि तेही बेतानं. जगभरच्या उपाहारगृहांनी या पदार्थाची ओळख मिरचीशी बांधून टाकली आहे, आणि त्याचा इतिहासही सहसा मिरचीच्या बाजूनंच सांगितला जातो. मला तो व्हिनेगरच्या बाजूनं सांगावासा वाटतो. मिरची भारतात यायच्या आधीही हा पदार्थ होता, आणि मिरचीशिवाय तो आजही जगात काही ठिकाणी शिजतो. आंबट काढून घेतलं, तर मात्र तो उरतच नाही.

त्याचं मूळ पोर्तुगालमध्ये आहे. अटलांटिक महासागरातल्या मदेरा या पोर्तुगीज बेटावर नाताळात ‘कार्ने द विन्या दाल्युश’ करतात. डुकराच्या मांसाचे तुकडे वाइन किंवा वाइनचं व्हिनेगर, भरपूर लसूण, मीठ आणि तमालपत्र यांत मुरवायचे, काही दिवसांनी बाहेर काढून शिजवायचे आणि परतायचे. वाइन-लसणीतलं मांस, एवढाच त्या नावाचा अर्थ. त्याचंच गोव्याच्या तोंडी विंदालू झालं. नाताळाशी त्याचं नातं का जडलं, याचं कारण शेतीत आहे. पोर्तुगालच्या खेड्यांत घरचं डुक्कर थंडीच्या दिवसांत कापायची रीत होती. एवढं मांस एका कुटुंबाला दोन-चार दिवसांत संपत नाही. काही धुरावर टांगायचं, काही खारवायचं, काही आंबटात मुरवायचं. सणाचा पदार्थ असला, तरी तो जन्मला साठवणीच्या गरजेतून.

ही साठवण नेमकी कशी साधते, ते थोडं समजून घेण्यासारखं आहे. मीठ मांसातलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे जंतूंना वाढायला लागणारा ओलावा कमी होतो. व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल मांसाचा सामू खाली आणतं. अन्नातून होणाऱ्या विषबाधांपैकी सर्वांत घातक अशा बॉट्युलिझमचा जंतू सामू 4.6 च्या खाली असेल तर वाढू शकत नाही. लसूण ठेचली की तिच्यात ॲलिसिन तयार होतं, आणि तेही जंतूंना मारक असतं. यातलं काहीही माहीत नसताना, बर्फ किंवा शीतकपाट नसताना, शेतकऱ्यांच्या बायकांनी अनुभवातून हे तिन्ही एकत्र आणलं. लिस्बनहून गोव्याला यायला जहाजाला साधारण सहा महिने लागत. अशा काळात खारवलेलं आणि आंबवलेलं अन्न ही दर्यावर्दी लोकांची रोजची गरज होती, त्यामुळे ही रीत पोर्तुगीजांबरोबर सगळीकडे गेली यात नवल नाही.

1510 मध्ये अफोन्सो द आल्बुकर्कनं गोवा घेतला. 1511 मध्ये मलाक्का पडलं. मग कोलंबो आणि लवंगांच्या मोलुक्का बेटांवरही पोर्तुगीजांनी पाय रोवले. मलबारची मिरी, सिंहलची दालचिनी, मोलुक्काची लवंग असा सगळा माल गोव्याच्या बंदरात येऊ लागला. विंदालूच्या वाटणात मिरी, लवंग आणि दालचिनी हातात हात घालून का येतात, याचं उत्तर त्या काळच्या मालवाहतुकीतच सापडतं. पण एक वस्तू गोव्यात मिळत नव्हती, ती म्हणजे वाइन. ती पोर्तुगालहून यायची, महाग पडायची आणि उन्हाळी समुद्रावरून येताना बिघडायचीही. स्वयंपाकात ती पिंपानं ओतणं कुणाला परवडणार?

इथे माड कामाला आला. माडाच्या कोवळ्या पोगीला चीर देऊन जो गोड रस काढतात, त्याला गोव्यात सूर म्हणतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तीच माडी. ती काढणारा तो रेंदेर. तो सकाळ-संध्याकाळ माडावर चढतो, पोगी तासतो, भांड्यात साठलेली सूर उतरवतो. पहाटेची सूर गोड असते. हवेतलं यीस्ट तिच्यात शिरून काही तासांत तिची दारू करतं. ती आणखी काही आठवडे तशीच ठेवली, की दुसरे जीवाणू त्या दारूचं ॲसेटिक आम्ल करतात, म्हणजे व्हिनेगर. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानं 1563 मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात माडाबद्दल सविस्तर लिहिलं, आणि त्यात सुरेचा आणि तिच्यापासून होणाऱ्या व्हिनेगरचाही उल्लेख आहे. द्राक्षाच्या व्हिनेगरपेक्षा माडाचं व्हिनेगर सौम्य असतं, त्याला मागून एक गोडसर छटा असते. विंदालूचा गोडवा तिथून येतो. माझ्या मते पोर्तुगीज पदार्थ गोव्याचा झाला तो याच बदलानं. मसाला नंतरची गोष्ट.

डुक्कर मात्र सहज आलं नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून गोव्यात मोठ्या प्रमाणावर धर्मांतरं झाली. 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, सुरू झालं आणि मधली काही वर्षं सोडली तर ते थेट 1812 पर्यंत चाललं. माणूस काय खातो, कसं शिजवतो, यावर त्याची नजर असे. अ. का. प्रियोळकरांनी इन्क्विझिशनवरच्या आपल्या ग्रंथात 1736 चा जो हुकूमनामा दिला आहे, त्यात नवख्रिस्त्यांनी हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजवू नये असंसुद्धा बजावलेलं आहे. भातातल्या मिठावरून ज्यांचा धर्म पारखला जात होता, त्यांच्या ताटात डुकराचं मांस असणं ही आवडीनिवडीची बाब राहिलेली नव्हती. विंदालूच्या कौतुकात हा भाग गाळला जातो, आणि ते मला योग्य वाटत नाही.

पण त्याच घरांतल्या बायकांच्या हातात आजीपणजीची वाटणाची रीत शिल्लक होती. जिरं, हळद, आलं, मिरी पाट्यावर गंधासारखी वाटायची, हे त्यांना पोर्तुगीजांनी शिकवलेलं नव्हतं आणि कुणी विसरायला लावूही शकलं नाही. मदेराच्या पदार्थात वाटण नाही, रस दाट करणारं काही नाही. गोव्यात पाण्याऐवजी व्हिनेगर घालून मसाला वाटू लागले आणि मुरवण्याचं पाणी हाच पदार्थाचा रस्सा झाला. आजही गोव्यात शेजारशेजारच्या दोन स्वयंपाकघरांतला फरक आंबटावरून कळतो. हिंदू घरात सोलं, चिंच किंवा बिमली. ख्रिस्ती घरात व्हिनेगर.

आता मिरची. कोलंबसानं 1493 मध्ये ती अमेरिकेतून स्पेनला नेली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या हातून ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली. मुंबईकडे तिला एके काळी ‘गोवाई मिरची’ म्हणत, यावरून ती कुठून पसरली ते कळतं. पोर्तुगीज इतका समुद्र ओलांडून आले होते ते मिऱ्यांसाठी. मिरीचा वेल सह्याद्रीच्या ओल्या सावलीत वाढतो. बंदरं ताब्यात घेतली की तिच्यावर मक्तेदारी चालवता येते. मिरची कुठल्याही परसात येते. बी वाळवून ठेवलं की पुढच्या वर्षीचं पीक आपलं. तिच्यावर ना राजाला जकात बसवता येत होती, ना व्यापाऱ्याला कुलूप लावता येत होतं. गरिबाच्या घरातलं तिखट मिऱ्यांकडून मिरचीकडे गेलं ते यामुळे, आणि ज्यांनी मिऱ्यांसाठी लढाया केल्या त्यांच्याच जहाजांनी मिऱ्यांची प्रतिस्पर्धी आणून लावली. गोव्याच्या विंदालूत मात्र मिरची मुख्यतः रंगासाठी पडते. कमी तिखट आणि गडद लाल अशी काश्मिरी मिरची त्यासाठी पसंत करतात, कारण जाळ झाला तर व्हिनेगरची चव मरते.

मराठी वाचकाला या गोष्टीतला सर्वांत जवळचा भाग गोव्यात सापडणार नाही. तो वसईत आहे. 1534 च्या तहानं वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत वसई, साष्टी आणि मुंबईच्या बेटांवर जे लोक ख्रिस्ती झाले, त्यांची भाषा मराठीच राहिली. त्यांच्यातल्या मोठ्या समाजानं 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. गोव्याहून मुंबईत येणाऱ्या ख्रिस्त्यांपेक्षा आपण वेगळे, इथलेच, हे सांगण्याची त्यांना गरज वाटत होती. त्यांच्या लग्नात आणि नाताळात ‘इंदयाल’ होतो. डुकराचा किंवा बदकाचा, व्हिनेगर आणि लसणीत मुरवलेला. पोर्तुगीज सत्ता गेली, किल्ल्यावर भगवा चढला, पण चुलीवरची हंडी उतरली नाही. या समाजाचा बाटली मसालाही प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यात दोन डझनांच्या आसपास जिन्नस भाजायचे, उखळात कुटायचे आणि गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरायचे, म्हणजे उजेड आणि ओल लागत नाही. गोव्याहून निघून दक्षिणेला मंगळूरच्या बाजूला गेलेल्या कोकणी ख्रिस्त्यांकडे असाच आंबटगोड ‘इंदाद’ असतो.

म्हणजे एकाच पदार्थाची दोन भावंडं पश्चिम किनाऱ्यावर वेगवेगळी वाढली, आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईत त्यांची पुन्हा गाठ पडली. गोवेकर मुंबईला येण्याची कारणं बरीच होती. जमिनी थोड्या, नोकऱ्या त्याहून थोड्या. त्यात 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानं गोव्याच्या मिठाची मक्तेदारी ब्रिटिश सरकारच्या हाती दिली आणि मिठागरांवर जगणारे अडचणीत आले. तरुण मुलगे मुंबईची वाट धरू लागले. धोबीतलाव, माझगाव या भागांत त्यांनी गावागावाचे ‘कूड’ उभे केले. एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेली जागा, भिंतीशी प्रत्येकाची पेटी, एका कोपऱ्यात वेदी आणि संध्याकाळची रोझरी. जहाजावरची नोकरी मिळेपर्यंत तिथे राहायचं आणि फेरी संपली की तिथेच परतायचं. अशा माणसाला कोकणीत तारवटी म्हणतात. माझ्या दृष्टीनं विंदालूच्या इतिहासातला खरा नायक हा तारवटी आहे.

त्याला स्वयंपाकाचं काम मिळण्यामागे इंग्रजांची सोय होती. नेपोलियनशी युद्ध चालू असताना फ्रेंचांच्या भीतीनं ब्रिटिश फौजा अठराव्या शतकाच्या अखेरीस गोव्यात उतरल्या आणि 1813 पर्यंत राहिल्या. गोमांस आणि डुकराचं मांस दोन्ही शिजवायला तयार असलेला, पाव भाजू शकणारा, युरोपीय पद्धतीचं टेबल मांडता येणारा आचारी त्यांना तिथे भेटला. त्यानंतर ब्रिटिश भारतातल्या बंगल्यांत, क्लबांत, छावण्यांत गोव्याचे आचारी दिसू लागले. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी पाकपुस्तकांत विंदालू आढळतो तो या मार्गानं आलेला. कलकत्त्याला छापलेल्या एका पुस्तकात तो मोहरीच्या तेलात करावा असा आग्रह आहे. बंगालमध्ये आल्यावर त्यानं तिथलं तेल घेतलं. 1888 मध्ये लंडनला निघालेल्या दुसऱ्या पुस्तकात तो गोमांस, डुक्कर किंवा बदक यांचाच करावा असं बजावलं आहे. या दोन्ही पुस्तकांच्या काळात तो पोर्तुगीज कढी म्हणूनच ओळखला जात होता. आंबट अजून शाबूत होतं.

ते हरवलं विसाव्या शतकात, इंग्लंडमध्ये, आणि हरवण्याची पद्धत मोठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. ब्रिटिश आगबोटींवर भारतीय खलाशांची कामं भागांनुसार वाटलेली असत. डेकवर रत्नागिरी, गुजरात, नोआखाली, चितगाव अशा किनारी भागांतले सारंग, तांडेल आणि त्यांचे खलाशी. प्रवाशांच्या दालनात आणि स्वयंपाकघरात गोव्याचे ख्रिस्ती. आणि खाली इंजिनच्या खोलीत, भट्टीत कोळसा ओढणारे आगवाले, ज्यांच्यात सिल्हेटचे मुसलमान मोठ्या संख्येनं होते. सर्वांत हालाचं काम त्यांचं. लंडनच्या गोदीत बोट लागली की त्यातले काही जण उतरून परत चढत नसत. हॉटेलांत भांडी घासणं, मग चहा-मासळीची दुकानं, मग स्वतःचं उपाहारगृह अशी त्यांची वाट होती. दुसऱ्या महायुद्धानंतर आणि विशेषतः 1960 आणि 1970 च्या दशकांत ब्रिटनच्या गावोगावी जी ‘इंडियन’ उपाहारगृहं निघाली, त्यांतली बहुसंख्य या सिल्हेटी माणसांची होती. वरच्या मजल्यावर विंदालू शिजवणारा गोवेकर आचारी कूडात परतला, आणि त्या पदार्थाचं नाव चालवलं ते तळमजल्यावरच्या आगवाल्याच्या गावकऱ्यांनी.

या मंडळींना डुक्कर निषिद्ध होतं, तेव्हा कोंबडी आणि मेंढी आली. माडाचं व्हिनेगर ब्रिटनमध्ये मिळण्याचा प्रश्नच नव्हता. वेळही नव्हता; मांस रात्रभर मुरवून ठेवणं चार माणसांच्या छोट्या स्वयंपाकघराला परवडत नाही. त्यांनी कांद्याचा एकच मोठा हंडा रस्सा सकाळी करून ठेवायचा आणि मागणी येईल तसा त्याला वेगवेगळा फोडणी-मसाला द्यायचा, अशी पद्धत बसवली. मेनूकार्डावरची नावं तिखटाच्या पायऱ्या झाल्या. सौम्य तो कोर्मा, त्याच्यावर मद्रास, त्याच्यावर विंदालू. नावाच्या शेवटी ‘आलू’ ऐकू येतं म्हणून त्यात बटाटाही शिरला. शुक्रवारी रात्री मद्यपान करून आलेल्या तरुणांना सर्वांत तिखट काय ते हवं असायचं, आणि विंदालू हा मर्दुमकीचा पुरावा झाला. 1998 च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी ‘विंदालू’ नावाचं इंग्रज प्रेक्षकांचं गाणं ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं.

गोव्याच्या लोकांना याचा राग येतो आणि तो मला समजतो. तरी त्या विंदालूला बनावट म्हणायला माझी जीभ उचलत नाही. गोव्यातल्या बाईनं वाइनच्या जागी सूर घातली, कलकत्त्यात मोहरीचं तेल आलं, आणि लंडनमध्ये निर्वासितासारख्या परिस्थितीत राहणाऱ्या माणसानं हाताशी जे होतं त्यात संसार उभा केला. फरक एवढाच, की आधीच्या प्रत्येक मुक्कामावर आंबट टिकलं होतं आणि इथे ते गेलं.

ते टिकू शकतं याचा पुरावा पदार्थाच्या दुसऱ्या फांदीवर आहे. हा पदार्थ घेऊन निघालेले सगळेच लोक पूर्वेकडे आले नाहीत. ब्रिटिश साम्राज्यात 1834 मध्ये गुलामगिरी कायद्यानं संपवली गेली आणि ऊसमळेवाल्यांना नवे मजूर हवे झाले. 1835 पासून मदेराचे गरीब शेतकरी ब्रिटिश गयानात जाऊ लागले. पुढे 1850 च्या दशकात बेटावरच्या द्राक्षवेलींवर बुरशीचा रोग पडला आणि हा ओघ वाढला. त्यांनी आपला नाताळचा पदार्थ नेला. आज गयानात त्याला ‘गार्लिक पोर्क’ म्हणतात. डुकराचं मांस, व्हिनेगर, लसूण, थाइमची पानं आणि तिथली ‘विरी विरी’ नावाची छोटी गोल मिरची बरणीत भरून कित्येक दिवस ठेवायचं आणि नाताळच्या सकाळी परतून पावाबरोबर खायचं. आता तो पदार्थ फक्त पोर्तुगीज वंशाच्या घरांपुरता उरलेला नाही.

याच गयानात 1838 पासून भारतातले गिरमिटिया मजूरही कलकत्त्याहून आले, आपला मसाला आणि आपली कढी घेऊन. म्हणजे गोव्यात जे दोन धागे एकत्र विणले गेले, ते दोन्ही तिथे शेजारशेजारच्या मळ्यांवर हजर होते. तरी गयानात विंदालू झाला नाही. गार्लिक पोर्क वेगळा राहिला, गयानी कढी वेगळी. गोव्यात दोन स्वयंपाक एकाच घरात, एकाच बाईच्या हाती आले होते आणि त्यांना तीनशे वर्षं मिळाली. मळ्यांवर मजुरांच्या वस्त्या वंशानुसार अलग होत्या. जिन्नस जवळ असले म्हणजे पदार्थ होतोच असं नाही. 1878 मध्ये ‘प्रिसिला’ जहाजातून मदेराचे असेच मजूर हवाई बेटांवर उसाच्या कामाला उतरले, आणि तिथेही आंबट मुरवलेलं डुकराचं मांस पोर्तुगीज घरांत टिकून आहे.

गोव्यात मात्र आज चिंता त्या आंबटाचीच आहे. माडावर चढण्याचं काम जोखमीचं, त्याला मान कमी आणि पैसा बेताचा. रेंदेरांची मुलं ते करायला तयार नाहीत. 2016 मध्ये राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यातून माडाला ‘झाड’ या व्याख्येबाहेर काढलं गेलं, तेव्हा गोव्यात मोठा गदारोळ झाला. 2017 मध्ये ते बदलून माडाला राज्यवृक्षाचा मान देण्यात आला. माड वाचला, तरी सूर काढणारा हवाच. सूर मिळेना म्हणून बऱ्याच स्वयंपाकघरांत दुकानातलं स्वस्त व्हिनेगर आलं आहे, जे ॲसेटिक आम्लात पाणी मिसळून करतात. त्याला धार असते, पण मागचा गोडवा नसतो. मग तो साखरेनं आणावा लागतो.

विकत घेताना बाटलीवर ‘सिंथेटिक’ लिहिलं आहे का ते पाहावं. आंबवून केलेलं व्हिनेगर वेगळं लिहिलेलं असतं. गोव्यात, मालवणात किंवा वसईत ओळखीचं घर असेल तर माडाचं मिळतं. विंदालू घरी करणार असाल तर मसाला त्याच व्हिनेगरमध्ये वाटावा, पाण्याचा थेंब घालू नये, मांस निदान रात्रभर मुरू द्यावं. आणि शिजल्यावर त्याच दिवशी वाढू नये. दुसऱ्या दिवशी सान्नांबरोबर घ्यावा. त्या तांदळाच्या सान्नाही मूळच्या सुरेनंच फुगवलेल्या असतात.